हिरव्या वायरीचे दिवस

परतीचा पाऊस सुरू झाला की माझा उजवा हात माझं ऐकत नाही. आभाळात नुसतं गुरगुरलं तरी तो टेबलाच्या मागे जातो आणि तिथं नसलेली वायर चाचपू लागतो. काल संध्याकाळीही तेच झालं. ओट्यावर दूध घालणाऱ्या बायकांची रांग होती, डोंगराच्या अंगानं एकदाच गडगडलं, आणि मी पारूबाईची किटली काट्यावर ठेवायची सोडून टेबलामागे हात घातला. हाती लागल्या झाडूच्या दोन काड्या. पारूबाई म्हणाली की बाई, वायर जाऊन चार वर्षं झाली, आता तिचं दुःख सोडा.

खरंच आता वायर नाही. नवं मशीन फॅट मोजतं आणि आकडा आपोआप कॉम्प्युटरकडे पोचवतं. कसा पोचवतं ते मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पण ओट्याच्या कोपऱ्यात विटांनी आखलेला तो हातभर चौकोन अजून आहे. काल रांग संपत आली तेव्हा पाहिलं तर प्रत्येक बाई जाता जाता किटली विसळून ते पांढुरकं पाणी त्या चौकोनातच ओतत होती. आता त्या पाण्याची तिथं कुणाला गरज आहे, असं कुणालाच वाटत नसावं. तरी कुणी चुकत नाही.

कडा या बाजाराच्या गावापासून तासाभराच्या पायवाटेवर आमचं गाव आहे आणि गावाच्या तोंडाशी दूध संकलन केंद्र. केंद्र म्हणजे पत्र्याची एक खोली आणि तिच्यापुढचा ओटा. मी तिथली सचिव. आधीचे सचिव पुण्याला निघून गेले, तेव्हा कॉम्प्युटर चालवता येणारं माणूस गावात दुसरं उरलं नव्हतं, म्हणून बारावी शिकलेली सून कामाला आली. चेअरमन होते आण्णा, नात्यानं माझे चुलत सासरे. त्यांनी रजिस्टरात माझ्या नावापुढे कंसात 'तात्पुरती' असं लिहिलं, आणि तो कंस चांगला जाड काढला. मला त्याचं काही वाटलं नाही. लग्नानंतर चौदा वर्षांनी मला पाठीला टेकू असलेली एक खुर्ची मिळाली होती, आणि कुणीही समोर आलं तरी तिच्यावरून उठायचं नव्हतं. ती खुर्ची मला फार आवडायची, हे आता लपवण्यात अर्थ नाही.

घरी आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, ती खुर्ची अजिबात आवडायची नाही. त्या भांडल्या नाहीत कधी. रोज संध्याकाळी मी दारात चपला काढल्या की चुलीपाशी बसल्या बसल्या एकच विचारायच्या, "उद्या सुट्टी हाय का?" दुधाला सुट्टी नसते, म्हशी दसरा-दिवाळी पाळत नाहीत, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तरी रोज विचारायच्या, आणि मी रोज नाही म्हणायची.

मशीनची मांडणी आण्णांच्या डोक्यातून निघालेली होती. फॅट मोजायचं मशीन बाहेर ओट्यावर, कारण दूध तिथं येतं. कॉम्प्युटर आत लोखंडी कपाटात, कारण दूध संघाची वस्तू कुलपात राहिली पाहिजे. दूध घालायच्या वेळी मी कपाट उघडायची, पडदा उजळायचा, आणि दारातून तो मला दिसायचा. या दोघांना जोडणारी एक लांबलचक वायर टेबलामागून निघून पत्र्याच्या वळचणीखालून, भिंतीला वळसा घालून, कपाटाला पाडलेल्या भोकातून आत जायची आणि कॉम्प्युटरच्या पाठीला नऊ टाचण्यांच्या एका खोबणीत बसायची. त्या खोबणीला सिरियल पोर्ट म्हणतात, हे मला ती जळाल्यावर कळलं.

पहिल्यांदा ती जळाली मिरगात. वीज पडली कुठं तरी नदीपलीकडे, पण आमच्या पडद्यावर पारूबाईच्या नावासमोर फॅट आलं अठ्ठ्याऐंशी पॉइंट आठ. इतकं फॅट लोण्यालासुद्धा नसेल. मी म्हटलं, मशीन बिघडलं. पारूबाई म्हणाली, बिघडलं कशानं, सरकी चारते मी म्हशीला. तिनं हट्टानं ती पावती छापून घेतली आणि देव्हाऱ्यात ठेवली. तिच्या म्हशीकडे बघायला दोन दिवस शेजारच्या वस्तीवरून माणसं येत होती.

संघाचा माणूस आला, जळका भाग बदलला, आणि जाताना मला बजावून गेला की ढग आले की वायर काढून ठेवत जा. झालं, तेव्हापासून सगळं गाव माझ्यासाठी आभाळाकडे बघू लागलं. कुठं खुट्ट झालं की रांगेतून हाक यायची, मंदाताई, वायर. मी आधी टेबलामागे वायर चाचपायची, मग धावत आत जायची, कपाटात डोकं घालायची, दोन बारीक स्क्रू नखानं फिरवून वायर उपटायची. वायर काढली की मशीन मुकं, मशीन मुकं की रांग थांबलेली. ढग पुढे सरकले की वायर परत बसवायची. एकदा एका संध्याकाळी मी हे सात वेळा केलं, आणि सातव्या वेळचा गडगडाट हा विटांच्या ट्रॅक्टरचा निघाला. पावसाळ्यात बाकी बायकांच्या हाताला चिखलानं चिरा पडून कुया होतात, माझ्या नखांना स्क्रूनं झाल्या.

मग श्रावणात संघानं एसटीच्या पार्सलनं एक डबी पाठवली. साबणाच्या वडीएवढी, राखाडी, दोन्ही अंगांना नऊ-नऊ टाचण्यांची तोंडं, आणि पोटातून बाहेर आलेली एक हिरवी वायर. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं की हे सर्ज प्रोटेक्टर आहे. विजेचा लोट वायरीतून आला तर ही डबी तो अडवते आणि जमिनीत सोडते. आण्णांनी चिठ्ठी वाचली, घडी करून खिशात घातली आणि मला म्हणाले की हे बाईमाणसाचं काम नाही. त्यांनी सोमवार पाहिला, नारळ फोडला, डबीला हळदकुंकू लावलं आणि कॉम्प्युटर व वायर यांच्यामध्ये ती स्वतःच्या हातानं बसवली. तिथपर्यंत सगळं बरोबर होतं. मग ती हिरवी वायर उरली. आण्णा टापटिपीचे. त्यांनी तिची छान गुंडाळी केली, तिला रबर लावलं आणि कपाटातल्या खिळ्याला अडकवून ठेवली. मी विचारलं, आण्णा, ही कुठं जोडायची असेल ना? ते म्हणाले, जादा हाय ती, कंपनीवाले देतात जादा.

पोळ्याच्या आदल्या दिवशी पोर्ट दुसऱ्यांदा जळालं. या वेळी पडद्यावर आकडेसुद्धा आले नाहीत, नुसती प्रश्नचिन्हं आली, ओळीच्या ओळी.

संघाचा माणूस पुन्हा जळका भाग बदलून गेला आणि मागोमाग संघाचं पत्र आलं. तिसऱ्यांदा असं झालं तर मशीन उचलून नेऊ, तुमचं केंद्र बंद, तुमचं दूध पुढच्या गावच्या केंद्रात घाला. पुढच्या गावाला त्यांचा सचिव होता. म्हणजे माझी खुर्ची एका विजेच्या अंतरावर येऊन थांबली होती. आण्णांनी ते पत्र ओट्यावर सगळ्यांसमोर वाचलं. आपण टांगलेल्या गुंडाळीचा विषय त्यांनी काढला नाही. चष्मा पुसत म्हणाले, "आधीच्या सचिवाच्या काळात एकदा बी जळालं न्हाई. बाई मशीनला लाभली न्हाई, दुसरं काय."

मी खाली मान घालून पावत्या फाडत राहिले. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. मशीनला कुणी लाभतं का, असं कुणाला विचारावं तर सगळे शहाणे, आणि मनात कुठं तरी मलाही वाटू लागलं होतं की लाभली नसेन. हे सगळ्यात वाईट होतं.

मी कड्याला जाऊन गफूरभाईंना घेऊन आले. जळालेल्या मोटारींना नवी तार भरायचं त्यांचं दुकान होतं. पंप, मिक्सर, मशिदीचा भोंगा, देवळाचा भोंगा, सगळं त्यांच्याकडेच यायचं. त्यांनी कपाटात डोकं घातलं आणि वायरी एकेक करून चाचपल्या. मग खिळ्यावरची गुंडाळी दोन बोटांनी काढून बाहेर आणली आणि ही कुणी टांगली म्हणून विचारलं. आण्णा आभाळाकडे बघू लागले. गफूरभाई म्हणाले की ताई, या डबीचा जीव या हिरव्या वायरीत आहे, हीच जमिनीला न्यायची असते. वीज अडवली खरी, पण तिला जायला वाट दिली नाही, मग ती कॉम्प्युटरमधूनच जाणार. माझा त्या दिवशी निम्मा जीव भांड्यात पडला. उरलेला निम्मा अर्थिंग सापडेपर्यंत अडकून होता.

कारण खोलीचं जुनं अर्थिंग कुठं आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. मीटरच्या पेटीतून एक जाड तार भिंतीबाहेर गेलेली दिसत होती. गफूरभाई तिच्या मागे निघाले, मी त्यांच्या मागे, आण्णा माझ्या मागे. तार भिंतीवरून उतरली, कोपऱ्यावर वळली, जमिनीत जायच्या ऐवजी परत वर चढली आणि पारूबाईच्या परसातल्या शेवग्याला जाऊन गच्च बांधलेली निघाली. तिच्यावर दोन लुगडी, एक धोतर आणि तीन परकर वाळत होते. पारूबाई म्हणाली, तार मोकळी पडलेली होती, पायात येत होती, म्हणून दोन वर्षांपूर्वी ओढून घेतली. वलणी चांगली झाली, झोल पडत नाही. गफूरभाईंनी तिथल्या दगडावर बसून घेतलं आणि पाणी मागितलं.

नवीन खड्डा घ्यायचा ठरला. तर आण्णा म्हणाले, पितृपक्षात नवं काम धरत नाहीत. गफूरभाई शांतपणे म्हणाले, "चेअरमनसाब, विजेला पंधरवडा कळतो का?" खड्डा पुरुषभर खोल झाला. काळी माती निघाली, मग मुरूम लागला. कोळसा आला, जाड्या मिठाचं पोतं आलं. अडलं ते तांब्यापाशी. तांब्याची पाटी लागते, ती संघानं द्यावी असं आण्णांचं म्हणणं, आणि संघ देईपर्यंत दिवाळी येणार हे सगळ्यांना दिसत होतं. घरी येऊन मी हे भाकरी करताना बोलले, कुणाला उद्देशून नाही, नुसतंच. आत्याबाईंनी एकदा मांडणीकडे बघितलं. सुट्टीचं विचारलं नाही.

सकाळी दूध घेता घेता मी पाहिलं तर वेशीकडून आत्याबाई येत होत्या, कमरेवर हंडा घेऊन. तांब्याचा हंडा, त्यांच्या माहेरचा, लग्नात आलेला. बुडाला गळत होता म्हणून वीस वर्षं त्यात पाणी भरलं नव्हतं, पण दर सणाला चिंच लावून घासायच्या आणि मांडणीवर सगळ्यांत वर ठेवायच्या. आम्हा सुनांना त्याला हात लावायची परवानगी नव्हती. केंद्रावर त्या तोवर एकदाही आल्या नव्हत्या. ओट्याच्या कडेला हंडा ठेवून त्या गफूरभाईंना म्हणाल्या, "हा घ्या. गळतो. माझ्या सुनेला लाभली न्हाई म्हनतेत म्हनं."

सुनेला बोलायचा अधिकार फक्त सासूचा आहे, बाहेरच्याचा नाही, असा त्या वाक्याचा अर्थ होता. तो आण्णांना बरोबर कळला, कारण त्यांना अचानक शेतात काम आठवलं.

गफूरभाईंनी घण उचलला, हंडा ठोकून सपाट करायला. मग आत्याबाईंकडे बघितलं. त्या पाठ फिरवून उभ्या होत्या, म्हशी मोजल्यासारख्या रस्त्याकडे बघत. गफूरभाईंनी घण खाली ठेवला. सपाट करायची जरूर नाही म्हणाले, असाच चालतो. हंड्याच्या गळ्याला तार पक्की जोडली, पोटात कोळसा आणि मीठ भरलं आणि अख्खा हंडा खड्ड्यात सोडला. डबीची हिरवी वायर आखूड करून सरळ त्या तारेला नेली. खड्डा बुजवून वर विटांचा हातभर चौकोन आखला. मग मला दोन गोष्टी सांगितल्या. हा खड्डा कधी सुकू द्यायचा नाही, रोज पाणी पाहिजे. आणि दुसरी म्हणताना त्यांनी बोट वर केलं. "वीज कडाडताना वायरीला हात लावायचा न्हाई ताई. डबीला तिचं काम करू द्या. तुमी मदी हात घातला तर विजेची वाट तुमीच व्हाल."

पहिली गोष्ट सोपी झाली, तीही आपोआप. आमच्याकडे दुधाची किटली विसळलेलं पाणी कुणी पायदळी टाकत नाही. आजवर बायका ते घरी नेऊन झाडाला घालायच्या. आता ओट्यालाच असा विटांचा चौकोन झाला म्हटल्यावर सगळ्या तिथंच ओतू लागल्या. सकाळी साठ किटल्या, संध्याकाळी साठ. पुस्तकात कुठल्या अर्थिंगला इतकं पाणी मिळत नसेल. पारूबाईनं दसऱ्याला फुलं होतील म्हणून तिथं झेंडू लावला, तो मिठानं चार दिवसांत जळाला. तिनं परत लावला, परत जळाला. मग ती म्हणाली की जागा कडक आहे, आणि तेव्हापासून तिथं पाणी ओतून नमस्कारही करू लागली.

दुसरी गोष्ट अवघड होती. घट बसले, घरोघरी घटाला पाणी, केंद्रावर हंड्याला पाणी, आणि आभाळ रोज दुपारनंतर काळं. गडगडलं की रांगेतून हाक यायची, मंदाताई, वायर, आणि मी हात मांडीखाली घालून बसायची. अक्षरशः हातांवर बसायची. लोकांना वाटलं बाईंना थंडी वाजते.

खंडेनवमीला मी कॉम्प्युटर, मशीन आणि डबी, तिघांना कुंकू लावलं. संध्याकाळी दूध सुरू झालं आणि पश्चिमेकडून जे भरून आलं ते बघून म्हशीसुद्धा ओरडू लागल्या. रांगेत आण्णाही होते, त्यांच्या घरची बाई माहेरी गेली होती म्हणून स्वतः किटली घेऊन. त्यांचं दूध मी काट्यावर ठेवलं, वजन झालं, नमुना मशीनला लावला. तेवढ्यात कडाडलं. आण्णा म्हणाले, वायर काढा. मी हातांवर बसले. सगळी रांग ओरडू लागली, वायर काढा. मला रडू येत होतं. काढली आणि काही झालं तर मी जाणार, नाही काढली आणि पोर्ट जळालं तर खुर्ची जाणार, आणि माझ्याजवळ विश्वास ठेवायला एक गळका हंडा होता.

ओढ्याकाठच्या शिंदीच्या झाडावर वीज पडली. आधी सगळं पांढरं झालं, आवाज मागून आला. दिवे गेले. पत्रा थरथरत राहिला. कुणी तरी देवाचं नाव घेतलं. कपाटातून जळका वास आला.

इन्व्हर्टर चालू झाला. मशीनचा दिवा लागला. आण्णांचा नमुना दुसऱ्यांदा लावताना माझ्याकडून निम्मा सांडला. मशीननं घोट घेतला, घुर्र केलं, आणि मी दारातून कपाटाकडे बघत राहिले. पडद्यावर प्रश्नचिन्हं आली नाहीत. आण्णांच्या नावासमोर आकडा आला. तीन पॉइंट एक.

आण्णांनी लांब श्वास सोडला. "गेलं," ते म्हणाले. "म्हशीचं दूध हाय हे. म्हशीला तीन फॅट असतंय व्हय? जळालं मशीन. मी आदीच सांगितलतं."

पण पारूबाईनं मागून हात घालून तिची किटली माझ्यापुढे सरकवली. मी तिचा नमुना लावला. सहा पॉइंट नऊ. तिच्या मागचीचा, सात. तिच्या मागचीचा, सहा पॉइंट सहा. आण्णा म्हणाले, माझं परत लावा. मी परत लावलं. तीन पॉइंट एक. पावती छापून आली, स्वच्छ, एकही अक्षर न चुकता. रांगेतल्या बायकांनी एकेक करून पदर तोंडाला लावला. आण्णांनी पावतीकडे बघितलं, किटलीकडे बघितलं, ओट्याबाहेर पडत असलेल्या पावसाकडे बघितलं. त्यांच्यापुढे दोनच वाटा होत्या, आणि मशीन जळालं म्हणायची वाट पारूबाईनं बंद केली होती.

"मशीन बरोबर हाय," ते शेवटी म्हणाले. "म्हशीनंच आज पाणी लई पिलंय."

डबी कडेनं काळी पडली होती, तरी चालत होती. गफूरभाईंनी नंतर ती बदलली, आणि जुनी मी मागून घेतली. दिवाळीनंतरच्या सभेत आण्णांनी रजिस्टर उघडून माझ्या नावापुढचा कंस स्वतःच्या पेनानं खोडला. त्यांच्या म्हशीनंही तेव्हापासून पाणी कमी केलं.

चार वर्षांपूर्वी नवं मशीन बसवायला संघाचा इंजिनिअर आला, तेव्हा त्यानं अर्थिंगला मीटर लावला, दोनदा लावला, आणि विचारलं की एवढं चांगलं कुणी केलं, आत काय घातलंय. मी कोळसा सांगितला, मीठ सांगितलं. हंड्याचं सांगितलं नाही, तांबं एवढंच म्हटलं. आत्याबाईंना जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते. मांडणीवरची त्यांच्या हंड्याची जागा आम्ही अजून रिकामी ठेवली आहे.

त्या खंडेनवमीला घरी जायला मला उशीर झाला. अंगावरचं सगळं भिजलं होतं. दारात चपला काढल्या. आत्याबाई चुलीपाशी होत्या, दुसऱ्या दिवशीच्या दसऱ्यासाठी पुरण शिजत होतं. त्यांनी मागं वळून बघितलं नाही. मी थांबले, रोजच्या प्रश्नाची वाट बघत. त्यांनी चुलीत एक लाकूड सारलं.

"हंडा कामी आला का?"

मी म्हटलं, आला.

"मग उद्या येळेवर जा," त्या म्हणाल्या. "सणाचं दूध जास्ती असतंय."